आईने घासलेली मागची काच

माझ्या लग्नाचा आदला दिवस. मालवणात आमच्या अंगणात मांडव घातलेला, मी हळद लागून घरात बसलेली… आणि बाहेर दादा असा ओरडला की माझ्या हातातला चहा सांडला.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. परवा नातवाने गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा बसवला आणि मला ती अख्खी दुपार आठवली. लिहूनच टाकते, नाहीतर राहून जाईल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एका शेटांचा ड्रायव्हर. शेट राहायचे मुंबईला, पण त्यांची कापडी हूडची मोटार आमच्या घराशेजारच्या खोपीत असायची. वडील गेल्यापासून आमचं घर दादाच्या या नोकरीवरच चालत होतं.

त्या हूडला मागे काचेच्या जागी प्लास्टिक शिवलेलं, त्यालाच आम्ही काच म्हणायचो. खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने ते पार धुरकट झालेलं, मागे माणूस आहे की माड, काही कळायचं नाही. शेटांनी माझ्या पाठवणीला गाडी देऊ केली होती आणि लग्नाला ते स्वतः त्या दुपारच्या आगबोटीने येणार होते.

सकाळी दादाने गाडी धुऊन अंगणात लावली आणि हार आणायला बाजारात गेला. तेवढ्यात आईने काय करावं… चुलीतली राख घेतली, नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल घेतली आणि टोप घासावा तशी ती मागची काच घासून काढली! शिरा पडो त्या सोडणावर. काच पांढरीफटक, जिथे बघावं तिथे ओरखडे.

"आये, तुका कोणी सांगल्यान हात लावूक? शेट आता माका ठेवतलो काय?" दादाचा आवाज चिरकला होता. आई राखेचे हात घेऊन नुसती उभी.

शेट माणूस वाईट नव्हते हो, पण गाडीच्या बाबतीत जमदग्नी. आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी मडगार्डवरच्या एका ओरखड्यापायी घरी बसवलं होतं. इथे तर अख्खी काच गेलेली.

हळद लागलेल्या मुलीने उंबरा ओलांडायचा नसतो. पण मला कुठला दम! चांदीचा करंडा आम्ही पांढऱ्या दंतमंजनाने उजळायचो, ते आठवलं आणि डबी घेऊन तशीच अंगणात आले. मागून बायका "गो चेडवा, आत जा" म्हणून ओरडतायत… ओरडू देत.

दादा गाडीत शिरून आतून तळहाताने प्लास्टिक धरून बसला. मी बाहेरून मंजन आणि खोबरेल लावून हलक्या हाताने गोल गोल घासत राहिले. "पिवळी करशीत गो, हळद पुस!" तो आतून खेकसला. आईने आपलं जुनं मऊ लुगडं टराटरा फाडलं आणि फडकी पुढे धरली. दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आधी नुसता पांढरा चिखल. पुसावं तर काच तशीच. पुन्हा मंजन, पुन्हा तेल, नवं फडकं. खांदे भरून आले. आणि मग मधोमध थाळीएवढी जागा उजळली… आतला दादाचा हात दिसायला लागला, नखांसकट!

तेवढ्यात समुद्रावरून भोंगा झाला. आगबोट आली होती आणि काचेच्या कडा अजून पांढऱ्याच होत्या. दादाने शर्ट चढवला आणि घामही न पुसता धक्क्यावर गाडी पळवली.

घरात पाहुण्यांचा गलका, मला कशात काही सुचेना. उद्या मी जाणार… दादाची नोकरी सुटली तर ही दोघं मागे खाणार काय? आई चुलीपुढे बसून होती, चूल विझलेली तरी.

गाडी परत आली. शेट उतरले ते सरळ मागच्या बाजूला गेले. काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यां कोणी केल्यान?"

दादाने तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "मी केलंय. माझ्या झिलाचो दोष नाय. काय बोलायचां तां माका बोला."

शेट पुन्हा गाडीत शिरले, मागच्या सीटवर बसले आणि मान वळवून त्या काचेतून आमच्याकडे बघत राहिले. मग आतूनच आवाज आला, "वयनी, इतक्या वर्सांनी मागचां कायतरी दिसलां. पण परत राख लावू नकात हां!" एवढा बाप्या दादा, पण मडगार्डला टेकून रडला.

दुसऱ्या दिवशी माझी पाठवणी. शेजारी हे बसलेले, मी नवी नवरी, मान खाली. गाडी सुटली तसा दादा पुढे बघतच हळू म्हणाला, "मागे बघ गो. आयेन तेच्यासाठीच घासल्यान. काल जेवताना सांगल्यान… चेडू जाताना तेचां तोंड दिसाक व्हयां."

मी लाजबीज सोडली आणि गर्रकन वळले. त्या थाळीएवढ्या उजळ जागेत आई उभी होती, रस्त्याच्या मधोमध, डोक्यावरचा पदर खाली आलेला. तीही मलाच बघत होती.

आता कॅमेऱ्यात मागचं सगळं दिसतं म्हणे, तेही रंगीत. चांगलंय की. पण माझ्यासाठी कोणी हात राखेने काळे केले आणि वर बोलणी खाल्ली, ते मी विसरायची नाही.

आये, तू दिसलंस गो… पार वळणापर्यंत दिसलंस.