बारा नंबर वॉर्डाची तार

तारमास्तरांना मी पहिल्या दिवसापासून नको होतो, आणि मलाही ते नको होते. रत्नागिरीच्या तार ऑफिसात मी उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा आमच्या कुळवाड्यांपैकी तारेच्या कडकट्ट यंत्रासमोर कुणी बसलेलं नव्हतं. माझं बोट जरा जड पडलं की ते सगळ्यांदेखत विचारायचे, नांगर धरलायस काय? मी दातओठ खात पुढचं अक्षर घ्यायचो.

त्यांच्या एका नियमाचा तर मला भारी तिटकारा. तारेतला आकडा शेवटी पुन्हा यायचा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय कागद बाहेर द्यायचा नाही. अक्षर चुकलं तर शब्दावरून कळतं, आकडा चुकला तर देवालाही कळत नाही, हे रोज ऐकवायचे. दोनाला दोन टिंबं नि तीन रेघा, तिनाला तीन टिंबं नि दोन रेघा, एवढाच काय तो फरक. जुळलं नाही तर मुंबईला थांबवून पुन्हा विचारायचं. पण विचारलं की, चूक पलीकडची असो नाहीतर माझी, मास्तर वहीत माझ्याच नावावर रेघ ओढायचे. दहा रेघा झाल्या की घरी जायचं, असं बजावून ठेवलेलं. फाल्गुनात माझ्या नऊ झाल्या होत्या.

त्याच महिन्यात संगमेश्वराकडची एक बाई तीन दिवस आमच्या पडवीत बसून होती. नवरा मुंबईला गिरणीत. त्याला इस्पितळात नेल्याचं पत्र आलं होतं आणि पुढचं दीर तारेने कळवणार होता. चौथ्या दिवशी दुपारी ती तार आली. मास्तर जेवायला गेले होते, म्हणून मीच घेतली. नवरा अत्यवस्थ, ताबडतोब निघ, वॉर्ड बारा. शेवटी आकडा पुन्हा आला, तो तेरा. विचारायला मिनिटही लागलं नसतं. पण विचारल्याची नोंद मुंबईलाही व्हायची, म्हणजे ती मास्तरांपासून लपणार नव्हती. मी शेवटचा तीन खोडून दोन केला आणि बाईला तार वाचून दाखवली. ती संध्याकाळच्या बोटीने गेली.

पंधरा दिवसांनी परत आली ती कपाळ पुसून. बारा नंबरात त्याला कुणी ओळखेना. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे, तेरा नंबरात, खाट सापडली. रिकामी. पहाटेपर्यंत तो हिचीच वाट बघत होता म्हणे. हे सगळं तिने मास्तरांसमोर सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

"तू बाराच वाचलंस ना रे बाबा? की माझ्याच डोक्यात घोटाळा झाला?"

बाराच आलं होतं, म्हणालो मी. माझी जीभ झडली नाही.

ती गेल्यावर मास्तरांनी मूळ कागद शोधून खिडकीपाशी उजेडात धरला. खोडलेला तीन स्पष्ट दिसत होता. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. ओढा म्हटलं दहावी रेघ, सुटू दे मला एकदाचं. त्यांनी वही मिटली.

"ही चूक मी लिहिणार नाही. लिहिली की तुला वाटेल, फिटली."

पुढच्या महिन्यात मला कायम करायच्या कागदावर त्यांनीच सही केली. हलकट माणूस. तीस वर्षं रोज त्याच खुर्चीत बसायला लावलं मला.