हिरामावशींचा तराजू

सविताचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. "मॅडम, मावशी गेल्या," ती म्हणाली. मग एकदम तिने विचारलं, "तराजू तुमच्याकडेच आहे ना?" मी वळून कपाटाकडे पाहिलं. होता... त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

हिरामावशी पनवेलच्या मासळी बाजारात बसायच्या. आमची ओळख मुंबईच्या इस्पितळात झाली, किरणोपचारांच्या रांगेत. दोघींचाही एकेक स्तन काढलेला. मी पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. "काय वाचतंस एवरं? त्यात आपली तारीख लिवलेली हाय काय?" त्यांनी विचारलं. मी हसले आणि व्रण ओढला गेला. कित्येक आठवड्यांत मी हसले नव्हते. पुढे दर गुरुवारी दुपारी आम्ही वाचनालयामागच्या खोलीत जमू लागलो. त्या दिवशी मासळी कमी खपते, म्हणून गुरुवार. हळूहळू आठ-दहा जणी झाल्या. कुणाचा स्तन गेलेला, कुणाचं गर्भाशय. विकतचे कृत्रिम स्तन बहुतेकींना परवडत नसत. आम्ही सुती कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत मोहरी भरायचो आणि ब्लाउजच्या आत बसवायचो. वजन चुकलं की एक खांदा वर जातो, पाठ धरते. मावशी समोरच्या बाईकडे पापलेटाकडे पाहावं तसं पाहायच्या आणि निकाल द्यायच्या, "पाव किलो, आन वर दोन कोलंब्या." त्यांचा बाजारातला तराजू धरायचं काम माझं. माझा हात खाली यायचा. "हात वर धर गो! रोज एवरी पुस्तकं उचलतंस ना?"

सविता आमच्यात सगळ्यात लहान. पळस्प्याच्या बाजूला चाळीत राहायची, नवरा टेम्पो चालवायचा. तिचे केमोचे दोन डोस राहिले होते. ऑपरेशननंतर नवऱ्याने तिच्याकडे पाहणंच सोडलं होतं. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. एकदा तिने आपली पिशवी मोहरीसकट धुतली. चारचौघांसमोर दोरीवर कशी वाळत घालायची, म्हणून ओलीच गादीखाली लपवली. चार दिवसांनी ती सासूच्या हाती लागली. उसवून पाहिली तर मोहरीला मोड आलेले. गादीखाली शिवलेली पुरचुंडी, आत मोहरी... त्या घरात याचा एकच अर्थ होता. करणी. "कुणावर केलीस?" असं विचारत नवऱ्याने तिला पट्ट्याने मारलं, ऑपरेशनच्याच बाजूला. समोर सासरा उभा होता. त्याच्यापुढे खरा शब्द तिच्या तोंडून निघेना. दवाखाना बंद, गुरुवार बंद, असा हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून तिने हे मला सांगितलं, आणि मी बाजारात जाऊन मावशींना.

मावशी पाटी तशीच टाकून उठल्या. हातात तराजू होता, तो घेऊनच निघाल्या, मी मागोमाग. चाळीच्या जिन्यात नवरा आडवा आला. मावशींनी त्याच्या कानाखाली अशी दिली की तो कठड्यावर आदळला. त्याने उलटून त्यांना ढकललं. पाच-सहा पायऱ्या गडगडत त्या डाव्या हातावर पडल्या, ऑपरेशनच्या बाजूच्या. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या माझ्या अगदी जवळून गेल्या होत्या, मी धरू शकले असते... मी भिंतीला चिकटून उभी राहिले. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मावशी उठल्या. ओठ फुटलेला, डावा हात लोंबत होता. "तराजू उचल," त्या मला म्हणाल्या. मी उचलला. वर जाऊन त्यांनी, सासू करणीचा पुरावा म्हणून दाखवत होती ती पिशवी तिच्या हातातून हिसकावली आणि पारड्यात आपटली. "हात वर धर!" त्या माझ्यावर ओरडल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "करनी नाय ही. तुज्या बायकोची छाती हाय, जी तू बगितली नायस. घे. हातान घे!" सगळी चाळ बाहेर आली होती. त्याने घेतली नाही. मावशींनी ती त्याच्या तोंडावर फेकून मारली. मोड आलेली मोहरी त्याच्या मिशांना, शर्टाला चिकटली, जिनाभर सांडली. "चल गो," मावशी सविताला म्हणाल्या. ती अनवाणीच निघाली.

राहिलेले दोन्ही डोस सविताने मावशींच्या घरी राहून घेतले. ती परत गेली नाही. मावशींचं हाड जुळलं, पण हात सुजला तो कायमचा. त्या हातात पुन्हा बांगडी चढली नाही. काही वर्षांनी आजार यकृतात उतरला, बाजार सुटला आणि तराजू माझ्या कपाटात आला. शेवटच्या भेटीत मी त्या जिन्याचं बोलू लागले. त्यांनी मला थांबवलं. "तुला भ्या वाटला, मला राग आला. तराजू तू धरलास ना?" एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला. माझा अजून मिटलेला नाही.

गेल्या गुरुवारी एक नवी बाई आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, दारातच उभी. कापड होतं, मोहरी होती. वजन सांगणारं कुणी नव्हतं. मग सविताने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाव किलो. एक कोलंबी कमी." ती बाई दचकली, मग हसली. मी कपाटातून तराजू काढला. हात खाली येऊ लागला.

"मॅडम, हात वर," सविता म्हणाली.

पारडी स्थिर होईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.