वाळलेला फेस

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, तरी नाव टिकलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, लाइन मुकी ठेवायची नाही. जोडणी होईपर्यंत समोरच्याच्या कानात आपला आवाज राहिला पाहिजे. ते त्यांच्या हाडीमाशी खिळलं. घरातही कुणी शब्दासाठी अडखळलं, की बाई तो पुरवून मोकळ्या. "ही माझी शिंकसुद्धा माझ्याआधी देईल," असं त्यांचा नवरा म्हणायचा. तो बसचा कंडक्टर, आता निवृत्त.

एकदाच त्या गप्प राहिल्या. मुलगा सलूनमधल्या कामावरून दमून आला आणि आंघोळीला गेला. बराच वेळ झाला, पण बाईंनी हाक मारली नाही. दिवसभर उभा असतो पोरगा, घेऊ दे अंग शेकून, असं त्यांच्या मनात आलं. आत गॅसचा गिझर चालू होता आणि खिडकी बंद. दार फोडलं तेव्हा तो फरशीवर पडलेला होता. जीव वाचला, पण तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता.

दवाखान्यातून तो आपल्या पायांनी चालत घरी आला. शेजारी म्हणाले, थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ब्रशवर पेस्ट लावली आणि ब्रश हातात धरून तो आरशासमोर नुसता उभा राहिला. हात शाबूत होता. पुढे काय करायचं, ते हरवलं होतं.

रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी, ऑक्युपेशनल थेरपीची मुलगी घरी येऊ लागली. त्याचा धंदा विचारून घेऊन तिनं पिशवीतून फुगे काढले. फुगवलेल्या फुग्यावर पाणी, मग साबणाचा फेस, मग पातं काढलेला वस्तरा.

"दादा, हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. डोक्यावर केस नाहीत, तक्रार करणार नाही."

तो हसला. ती मग बाईंकडे वळली. "काकू, तो थांबला की आपणही थांबायचं. पुढचं त्याचं त्याला सुचायला हवं."

"आणि नाहीच सुचलं तर?"

"तर आज नाही सुचलं. उद्या परत."

बाईंनी मान डोलावली. पण तो थांबला की घरात जी शांतता पडे, ती त्यांना त्या बंद दारासारखी वाटे. मुलगी दाराकडे पाठ करून बसायची. बाई दारात उभ्या राहून आवाज न करता ओठ हलवायच्या. पाणी. फेस. वस्तरा. मुलगा मान वर करायचा, बघायचा आणि पुढचं करायचा. मुलगी नसतानाचा सराव तर सगळा बाईंच्या तोंडावरच चाले.

मुलगी खूश झाली. सलूनच्या मालकानं त्याची खुर्ची रिकामी ठेवली होती. "पण ताई, गळ्याशी वस्तरा असतो," असं त्यानं बाईंना आधीच सांगितलं होतं. "आधी माझी दाढी करून दाखवू दे. जमलं, की खुर्ची त्याचीच."

त्या दिवशी मुलीनं बाईंना सलूनबाहेरच्या बाकावर बसवलं. काचेतून सगळं दिसत होतं. मुलानं मालकाच्या गळ्याभोवती कापड नीट बांधलं, गाल ओले केले आणि पूर्वीच्या सफाईनं फेस लावला. मग तो थांबला. वस्तरा हाताशीच होता. त्यानं मान वळवून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. त्याची नजर काचेवरून फिरत बाईंच्या तोंडावर येऊन थांबली.

बाई अर्ध्या उठल्या. आत मुलीनंही त्याच्या नजरेमागे नजर नेली, आणि तिला सगळं समजलं. बाई पुन्हा खाली बसल्या. मालकाच्या गालावरचा फेस वाळला, त्याला भेगा पडल्या. शेवटी त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, मुलाच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "असू दे रे." थोड्याच दिवसांत त्या खुर्चीमागे दुसरा उभा राहिला.

"दर वेळी तो तुमच्याकडे बघून करत होता?" परतताना मुलीनं विचारलं.

"हो."

"काकू, सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू सगळ्यात भराभर सावरतो. पुढेही शिकेल तो, पण वेळ लागेल." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी एकदा गप्प बसले होते गं," बाई म्हणाल्या.

आता रोज सकाळी मुलाकडून दाढी करून घ्यायला कंडक्टर मोरीजवळ स्टूल टाकून बसतो. वस्तरा अजून बिनपात्याचाच.

"चला मालक, मी शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढलंय. गाडी कितीही वेळ थांबली तरी उतरायचा नाही," असं मुलाला म्हणतो.

बाई स्वयंपाकघरात जातात आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. एका सकाळी असाच पाण्याचा आवाज आला, ब्रशचा आला, आणि मग काहीच नाही.

"आई?"

बाईंनी ओठ दाताखाली धरला.

"आई, पुढे काय?"

कंडक्टरही बोलला नाही. तिकडे त्याच्या गालावर फेस वाळत असणार. नंतर मगात ब्रश बुडाल्याचा आवाज झाला आणि पुन्हा गालावर फिरल्याचा. वाळलेला फेस मुलगा ओला करत होता. हे बाईंनी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फेस कधी वाळूच दिला नव्हता.

त्या तशाच उभ्या राहिल्या. वस्तऱ्याचा आवाज त्या दिवशी आला नाही.