कस्टमची पट्टी

मी कस्टम खात्यात आहे हे आमच्या गावात मला कधी सांगावंच लागत नाही. माझ्या आधी आमचे आबा सांगून मोकळे झालेले असतात. अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालायला गेले तरी आधी लेकीचा विषय, मग सोयाबीनचा. "देशात सुई जरी आली ना, तर माझ्या लेकीच्या हाताखालून येती," असं ते म्हणतात. ऐकणारा हमखास विचारतो, "सोनं धरती का वो?" मग आबा नुसती मान हलवतात, आणि समोरच्यानं काय समजायचं ते समजावं. खरं सांगायचं तर मी आजवर गुंजभर सोनं धरलेलं नाही.

परदेशातून येणारी टपालाची पार्सलं जिथं उतरतात तिथं माझी ड्युटी असते. पार्सल यंत्रातून जातं आणि आतल्या वस्तूंच्या सावल्या पडद्यावर दिसतात. त्या बघत बसायचं हे निम्मं काम. काही खटकलं की पार्सल बाजूला काढायचं, उघडायचं, बघायचं. गैर काही नसेल तर बंद करून वर खात्याची छापील चिकटपट्टी लावायची आणि पुढं सोडायचं. पट्टीवर लिहिलेलं असतं की कस्टमनं उघडून तपासलं. तेवढंच लिहिलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत त्या सावल्यांत एक नवीन सावली वाढली आहे. बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, त्यांना रबरी बूच, आत चिमूटभर पांढरी पावडर. हे पेप्टाइड. प्रथिनाचे बारीक तुकडे म्हणा. यातली काही खरोखरची औषधं आहेत, डॉक्टर लिहून देतात. पण चोरवाटेनं येतात ती वेगळी. चिठ्ठीवर लिहायचं 'फक्त संशोधनासाठी', आणि संशोधन करणार कोण, तर जिममधली पोरं, बारीक व्हायचं असलेल्या बायका आणि सांधे दुखणारे लोक. पावडरीत पाणी घालायचं आणि आपल्याच पोटात टोचायचं. बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं.

माझी नजर चांगली आहे. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. एकदा खेळण्यांचं म्हणून एक पार्सल आलं होतं. सगळे म्हणाले, सोडा मॅडम, बाहुल्या आहेत. बाहुल्या होत्याच. पण कडेला एक चपटी पिशवी दिसत होती. उघडलं तर ती गार ठेवायची पिशवी निघाली, विरघळून लिबलिबीत झालेली. मी म्हटलं, बाहुल्यांना उकडत होतं का? मग एकेका बाहुलीचं पोट दाबून बघितलं आणि बाटल्या निघाल्या. त्या दिवशी मी चहा सगळ्यांना माझ्याकडून पाजला आणि दिवसभर मिरवले.

असे दिवस येतात, पण रोज येत नाहीत. यंत्राला बाटली दिसते, बाटलीतलं दिसत नाही. पांढरी पावडर सगळी सारखीच. प्रयोगशाळेत पाठवायचं तर वेळ लागतो, आणि सगळंच पाठवता येत नाही. एवढ्या ढिगातून आम्ही मूठभर उघडतो. पाठवणाऱ्यांनाही डोकं असतं. आम्ही एक रूप ओळखायला शिकलो की ते दुसरं घेतात. म्हणून कुणी मला विचारलं की मॅडम, तुमच्या तपासणीनं हा धंदा बंद होईल का, तर मी नाही म्हणून सांगते. पण जी बाटली आम्ही थांबवली ती कुणाच्या तरी अंगात जायची थांबली, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

आता भावाचं सांगते. माझा धाकटा भाऊ पैलवान आहे. अहमदपुरात आखाडा चालवतो, पोरांना शिकवतो, आणि तेव्हा स्वतःही जत्रेत उतरायचा. दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात त्याचा उजवा खांदा गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा आणि वर्षभर मातीत पाय ठेवू नका. त्याची तर हिमायतनगरच्या जत्रेतली कुस्ती ठरलेली. आता वय झालंय, यानंतर कोण बोलावणार, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. ऑपरेशन पुढं ढकलत राहिला.

मग एके दिवशी भावजयीचा फोन आला. "आक्का, तुम्ही जरा येऊन जा. ह्यांनी परदेशातून कसलं तरी औषध मागवलंय. खांद्यात टोचून घेणार हायेत. माझं ऐकत न्हाईत. वरून म्हणतेत, आक्कालाच विचार."

रजा टाकली, गाडीनं लातूर गाठलं, तिथून एसटीनं अहमदपूर. भाऊ ओसरीवरच बसला होता, आबा शेजारी. मी रागानं भरून आले होते, पण तोंड उघडायच्या आत त्यानं आतून पेटी आणली आणि दोन्ही हातांवर माझ्यापुढं धरली. उजवा हात वर जात नव्हता, तरी दोन्ही हातांवर.

"ही बघ आक्का. तुझी पट्टी."

पेटीवर आमच्या खात्याची पट्टी होती. जशीच्या तशी, कुठंही न फाटलेली. पट्टी कापायला नको म्हणून त्यानं पेटी एका कडेनं उघडली होती.

"नांदेडच्या दोस्तानं त्याच्याकडलं देतो म्हटलं होतं," तो सांगत होता. "त्याच्या पेटीवर पट्टी नव्हती. म्या घेतलं न्हाई. म्हटलं, आपल्या आक्काच्या खात्यानं बघितलेलं असंल तरच टोचायचं. लई फिकीर नको करू. तपासून आलेला असली माल हाय."

आबा मान डोलवत होते.

मी पट्टी निरखून बघितली. बनावट पट्ट्याही निघतात, विकणारेच छापतात. मी "ही खोटी पट्टी आहे" म्हटलं असतं तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं. भावानं पेटी उकिरड्यावर टाकली असती, आबांचा मोंढ्यातला रुबाब शाबूत राहिला असता आणि माझाही. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण पट्टी खरी होती. आणि उद्या दुसरी पेटी आली, तिच्यावरही खरी पट्टी असली, तर हा माझाच शब्द प्रमाण मानून टोचून घेणार होता.

"पट्टी खरी हाय," मी म्हटलं. "पण तिचा अर्थ तू समजतोस तो न्हाई. कुणीतरी पेटी उघडली, वरून बघितली आन बंद केली, एवढंच. बाटलीत औषध हाय का चुना हाय, साफ हाय का सडलेलं हाय, ते आम्ही बघतच न्हाई. आम्हाला ते दिसतच न्हाई."

"आगं, पण तपासलं म्हून लिव्हलंय की," आबा म्हणाले.

मी पेटी त्यांच्यासमोर रिकामी केली. वरच्या थरात चेहऱ्याच्या क्रीमच्या खऱ्याखुऱ्या डब्या. त्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली आमच्या ओळखीच्या त्या बाटल्या, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी की हे चेहऱ्याचं सीरम. "बघणाऱ्यानं क्रीम बघितली आन सोडली. कदाचित मीच सोडली असंल. पट्टीवर कुणाची सही नसती."

भाऊ त्या बाटल्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मंग इतकी वर्षं तू तितं काय करून राहिलीस?"

हे मला लागलं. परक्यानं म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड बंद केलं असतं. भावाचंही केलंच. म्हटलं, "दिसतं ते धरते. दिसत न्हाई ते सुटतं. ते मला तुझ्यापेक्षा जास्त मालूम हाय, आन तरीबी मी परवा जाऊन तेच काम करणार हाय. तुझ्या आखाड्यात एवढी पोरं येतेत, त्यातला एखादाच कुस्ती मारतो. मंग तू आखाड्याला कुलूप लावतोस का?"

तो उठला आणि चपला घालून निघून गेला. जेवायलाही आला नाही.

आबांनी बाटल्या, पुठ्ठा, डब्या पेटीत परत भरल्या. मग हळूच म्हणाले, "मी लोकांत लईच बोललो का गं?"

"बोला की," मी म्हटलं. "फक्त सुईचं तेवढं सोडून बोला." ते हसले. पण त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला तो बघवेना.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. पेटी भावाच्या कपाटात होती. भावजय म्हणाली, "तुम्ही घेऊनच जा की, तुम्हाला हक्क हाय." कसला हक्क? माझा हुकूम चालतो तो पार्सलांच्या शेडमध्ये. अहमदपूरच्या घरात मी नुसती नणंद. आणि हिसकावून नेली असती तर त्यानं पुन्हा मागवली असती. त्याचं त्यानंच ठरवायला पाहिजे होतं. मी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडवर आले, आणि सबंध वाटेत त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

लातूरची गाडी लागली होती. मी चढणार तेवढ्यात भाऊ एका मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून आला. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पेटी.

"टोचलं न्हाई," तो म्हणाला. "हे घे. पर फेकून देऊ नको. तुझ्या सायबाला दाव. कसं सुटलं ते बघू दे त्यांना."

मी पेटी हातात घेतली. वर त्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं होतं. "ठीक हाय. नावाची चिठ्ठी फाडून दावते."

"फाडू नको."

"अरे, चौकशी लागंल तुझ्यामागं. नोटीस येईल घरी."

"येऊ दे की. म्या काय चोरी केली? इकत घेतलं, फसलो. नाव न्हाई म्हटल्यावर ही पेटी खरंच कुणाच्या घरी पोचली, हे कोण मानंल? म्हणतेल, कुठून तरी उचलून आणली." मग खाली बघून म्हणाला, "हिमायतनगरला निरोप धाडला सकाळी. न्हाई जमणार म्हटलं. नांदेडला तारीख घेतो ऑपरेशनची."

कुस्ती सोडली हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. माझाच हलला असता, म्हणून मी तशीच गाडीत चढले. खिडकीकडं तोंड करून बसले आणि रडू आलं ते येऊ दिलं. बाजूची बाई म्हणाली, "माहेराहून निघाला वाटतं." मी हो म्हटलं.

खोटं कशाला सांगू, चाकूरला गाडी थांबली तेव्हा मी त्या चिठ्ठीच्या कोपऱ्याला नख लावलं होतं. माझी नोकरी, त्याचं नाव, गावात नोटीस आली तर आबांना कशाकशाला तोंड द्यावं लागेल, सगळं डोळ्यांपुढं आलं. कोपरा थोडा उचकटलाही. मग मी पेटी पिशवीत घातली आणि पिशवी पायाशी ठेवली.

त्या पेटीचा पुढं उपयोग झाला की नाही, ते आधीच सांगून टाकते. झाला. आमच्या शेडमध्ये आता क्रीमच्या डब्या दिसल्या की पुठ्ठ्याखाली हात घालतात. तशी बरीच पार्सलं धरली. मग ती यायची कमी झाली, म्हणजे पाठवणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली असणार. तीही आम्हाला कधीतरी कळेल. नोटीसही आली. भाऊ आणि आबा दोघं जाऊन खरं काय ते सांगून आले. भावाचा खांदा आता बरा आहे, पण जत्रेत तो उतरत नाही, नुसता शिकवतो.

पण मला सांगायची होती ती परत रुजू झाले त्या दिवशीची गोष्ट. मी पेटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. आधी डब्या काढल्या, मग पुठ्ठा, मग बाटल्या. साहेबांनी चष्मा लावून सगळं बघितलं, चार जणांना बोलावून दाखवलं. ते चौघं गेल्यावर साहेबांनी पेटीवरचं नाव वाचलं. आडनाव माझंच.

"तुमचं कोण?"

"सख्खा भाऊ."

साहेब भला माणूस. त्यांनी उठून दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आपल्याला पेटी मिळाली, काम झालं. नावाचा कागद काढून टाकू. कुणाला कळायचं नाही."

ऑफिसात मी नेहमी शुद्ध बोलते, अगदी पुस्तकातल्यासारखी. त्या दिवशी मात्र तोंडातून घरचीच बोली आली.

"न्हाई सर. ऱ्हाऊ द्या ते नाव. पैलवान हाय त्यो. त्यानं सोताच्या हातानं दिलंय."