सेलेपानं शेवट सांगून टाकला

सेलेपा आमच्या शेजारची. कामाला वाघीण, पण जिभेला हाड नाही. नवऱ्याच्या पायाची जखम चिघळली म्हणून त्याला घेऊन ती आमच्या वाइतुपू बेटावरून तुवालूच्या राजधानीला, फुनाफुतीला गेली आणि तीन महिने तिकडंच राहिली. नातेवाइकांच्या घरी टीव्ही होता. इथं आम्ही जी फिलिपिन्सची मालिका जहाजातून येणाऱ्या सीडींवर तुकड्यातुकड्यानं बघत होतो, ती सेलेपा शेवटापर्यंत बघून आली.

मालिका होती हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईची. शनिवारी दुपारी गावाच्या सभाघरात सगळे जमायचे. सगळ्यांत पुढं बसायची पुलाफागू, सेलेपाची थोरली नणंद. तिचा मुलगा परदेशी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. दोन वर्षं झाली, ना फोन, ना निरोप. मालिकेतली आई बंदरावर मुलाचा फोटो दाखवत फिरू लागली की पुलाफागू मोठ्यानं म्हणायची, "अगं, त्या टोपीवाल्याला विचार की!" त्यावर आम्ही कुणी हसायचो नाही.

सेलेपा परतली तेव्हा सगळ्यांनी तिला बजावलं, "तोंड उघडायचं नाही हं!" तीन शनिवार तिनं कसेबसे काढले. चौथ्या शनिवारी ती उशिरा आली आणि बसलेल्यांना तुडवत पुढं सरकू लागली.

"हळू गं!" पुलाफागू खेकसली. "राजधानीचं पाणी पिऊन आलीस, पण चालायची रीत काही शिकली नाहीस."

सभाघर खदखदून हसलं. सेलेपाचे कान तापले.

"बसा रडत," ती म्हणाली. "तो पोरगा केव्हाच मेलाय. शेवटी त्या बाईच्या हाती नुसते त्याचे कपडे येतात."

हसू जागच्या जागी विरलं. मालिका चालूच होती. पुलाफागू उठली आणि कुणाकडंही न बघता बाहेर गेली.

घरी सेलेपाचा नवरा एवढंच म्हणाला, "माझ्या बहिणीला हे ऐकवायला तूच सापडलीस?"

दुसऱ्या दिवशी सेलेपानं नणंदेकडं मासा आणि नारळाच्या दुधात शिजवलेला पुलाका, आमच्याकडचा अळूसारखा कंद, पाठवला. भांडं झाकण न उघडता परत आलं. प्रार्थनेला सेलेपा सगळ्यांत मागं बसायला लागली, विहिरीवर बायका दिसल्या की वाट बदलायला लागली.

सभाघरात मात्र गर्दी तशीच. मजा घालवली म्हणून शिव्या देणारेही पुढच्या शनिवारी हजर होते. माझंच सांगते, पूर्वी तो मुलगा आठवणीच्या प्रसंगात हसला की मीही हसायचे. आता तो हसला की मी पडद्यावरून नजर काढून घ्यायचे. सेलेपा तेवढी येत नव्हती. पुलाफागूही नाही.

शेवटच्या सीडी आल्या, त्या शनिवारी पुलाफागू सेलेपाच्या दारात येऊन उभी राहिली.

"चल."

"वन्सं, मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"तोंड राहू दे. ते कपडे कधी देतात ते तुला ठाऊक आहे. त्याच्या आधी मला सांग. चारचौघांत एकदम अंगावर आलं तर मला झेपायचं नाही."

दोघी शेजारी बसल्या. वेळ आली तशी सेलेपा कुजबुजली, "आता." पुलाफागूनं डोळे मिटले नाहीत. सेलेपाचं मनगट घट्ट धरून तिनं सगळं पाहिलं.

बाहेर आल्यावर सेलेपा म्हणाली, "वन्सं, चुकलं माझं."

"सांगितलंस म्हणून बघू शकले," पुलाफागू म्हणाली. "पण ज्या आवाजात सांगितलंस, तो कानातून जात नाही."

तिच्या मुलाचा पत्ता पुढंही लागला नाही. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं, जेवणखाणही. एकदा मी सेलेपाला म्हटलं, "अगं, शेवटी तुझ्या सांगण्याचा तिला आधारच झाला ना?"

तिनं मान वर केली नाही. "आधार व्हावा म्हणून बोलले नव्हते मी," ती म्हणाली. "लागावं म्हणून बोलले होते."