पाय थांबले की चाक थांबतं

आता काय सांगू तुम्हाला! आधी चहा संपवा, कारण घोट घशात अडकला तर जबाबदारी माझी नाही. आणि ऐकून झाल्यावर माझ्याकडे पूर्वीच्याच आदराने पाहाल, अशी अपेक्षाही मी ठेवलेली नाही.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे असं केव्हा म्हणता येतं आणि केव्हा म्हणता येत नाही, हे मुलांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. धुक्याला धूर समजणाऱ्यांची मी वर्गात यथेच्छ हजेरी घेते. ‘नक्की’ आणि ‘बहुधा’ यांतला फरक न कळणाऱ्या माणसाशी माझं फार काळ जमत नाही. आणि ‘प्लॅन फिक्स आहे’, ‘लग्न फिक्स झालं’ असं कुणी म्हणालं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘निश्चित झालं म्हणा. मराठीत शब्द आहे.’

आई म्हणते, हिचं लग्न त्यामुळेच फिक्स झालं नाही.

असो. सायकल मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले. लहानपणी आमच्या घरात सायकल भावाची होती. माझ्या वाट्याला तिचं कॅरिअर आलं होतं. त्यामुळे शेजारचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जिन्याखाली उभी असलेली त्याची सायकल त्याच्या आईने मला देऊन टाकली, तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला दाखवला नाही, एवढंच.

तर त्या सायकलीची एक गंमत होती. तिची पेडल कधी थांबतच नसत. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. पाय थांबवायला जावं, तर मागचं चाक अडायचं आणि सायकल थांबायची. कुठलीही सामान्य बाई म्हणाली असती, ‘काहीतरी बिघडलंय.’ मी सामान्य नाही ना! मी वाचन केलं. जगात ‘फिक्स्ड गिअर’ नावाची एक सायकल असते, तिच्यात चाक आणि पेडल एकमेकांना पक्की बांधलेली असतात, शौकीन लोक ती मुद्दाम घेतात, असं मला कळलं. तरुण मुलगा, बंगळुरूची नोकरी, बारीक हँडल, न थांबणारी पेडल. अनुमान सिद्ध!

त्या मुलाला एक फोन करून विचारता आलं असतं, हे मान्य आहे. पण अनुमान करता येत असताना विचारायचं कशाला?

पुढची दोन वर्षं मी फिक्स्ड गिअरची निष्ठावान उपासक होते. आमचा बायकांचा सायकलगट आहे. पहाटे गंगापूर रोडला निघायचं आणि सात वाजता चहाच्या टपरीवर एकमेकींच्या सायकलींना नावं ठेवायची, असा त्याचा कार्यक्रम. तिथे मी व्याख्यानं दिली. ‘गिअर म्हणजे रस्त्याशी केलेली तडजोड,’ असं एक वाक्य मी तयार केलं होतं, आणि ते मी वारंवार वापरत असे. माझ्यामुळे गटातल्या दोघी घेतलेल्या गिअरच्या सायकली विकण्याच्या बेतात होत्या. आता बोला!

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शुद्ध मतात ब्रेकला जागा नसते, असं मी कुठेतरी वाचलं. मी दोन्ही ब्रेक काढून टाकले. ओघात घंटीही काढली. ती नुसतं वजन होती.

या पंथाला गटात एकच पाखंडी होती. पगारे मॅडम. आमच्याच महाविद्यालयात इतिहास शिकवतात, गटाच्या पुढारी आहेत आणि माझ्या सर्वांत जुन्या मैत्रीण. वर्गाबाहेर आम्ही एकमेकींना अगं-तुगंच करतो.

‘वसुधा, गिअरची घे गं बाई. चढाला गुडघे जातील तुझे.’

‘गिअर ही तडजोड आहे.’

‘आणि गुडघे?’

‘गुडघे हा मनाचा प्रश्न आहे.’

‘गेल्या दसऱ्याला मग मन टेम्पोत बसलं होतं वाटतं?’

टपरीवर हशा. हा घाव वर्मी होता. दसऱ्याला आमचा गट सीमोल्लंघन करतो. शहराची हद्द ओलांडून घाटातून थेट हरसूलला. घरच्यांना बजावलेलं असतं, आज श्रीखंड तुमचं तुम्ही वाढून घ्या. परतताना बायका आणि सायकली टेम्पोतून येतात. गेल्या दसऱ्याला मात्र घाटाच्या पायथ्यालाच माझा श्वास संपला होता, आणि मी सीमोल्लंघन टेम्पोत बसून केलं होतं. शेजारी सगळ्यांसाठी घेतलेला केळ्यांचा घड होता. उतरल्यावर कुणीतरी घडाची आधी चौकशी केली. तेव्हाच ठरवलं होतं, पुढचा घाट मी माझ्या पायांनी चढणार आणि माझ्या पायांनी उतरणार.

‘चढशील एक वेळ,’ पगारे म्हणाली. ‘उतरशील कशी? ब्रेक तर भंगारात घातलेस.’

‘माझे पाय हाच ब्रेक. पाय थांबले की चाक थांबतं.’

‘दाखव मग. दसऱ्याला पंचवटीत जमतोच आपण. नदीकडे तो उतार जातो ना, तिथे पाय थांबवून सायकल थांबवून दाखव. थांबली, तर चल घाटात. नाही थांबली, तर टेम्पो. केळी यंदाही आहेत.’

‘मान्य,’ मी म्हणाले. ‘निश्चित.’

आता आमच्या आईविषयी थोडं. घरात कुठलीही गोष्ट कुरकुरली की आईला चैन पडत नाही. दार, पंखा, झोपाळा, कपाटाची कडी, काहीही. तिची शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आमच्याकडे गंगाजळाच्या खालोखाल पवित्र आहे. माझी सायकल कुरकुरायची, म्हणजे अगदी रडायची, आणि दोन वर्षं आई बाटली घेऊन तिच्याभोवती घिरट्या घालत होती. ‘अगं, थेंबभर घालू दे.’ ‘मुळीच नाही. तो यंत्राचा स्वाभाविक स्वर आहे.’ खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. गेल्या खंडेनवमीला आई भावाकडे होती. यंदा घरीच होती.

संध्याकाळी मी घरी आले. पाटावर विळी, कात्री, पक्कड, सगळं ओळीने मांडलेलं. मिक्सरला फूल, माझ्या लॅपटॉपलाही हळदकुंकू. आणि गॅलरीत सायकल, झेंडूचा हार घालून नवरदेवासारखी उभी.

‘सायकलीचंही सगळं यथासांग केलं हो,’ आई म्हणाली.

‘सगळं म्हणजे?’

‘मशीनचं करते तेच.’

मशीनचं म्हणजे हळदकुंकू, असा मी अर्थ घेतला. अर्थ अनेक असू शकतात, त्यांतला कोणता अभिप्रेत आहे हे आधी ठरवावं, हा नियम मी पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला शिकवते.

दसऱ्याला पहाटे निघाले. काय सांगू, सायकल नुसती तरंगत होती! कुरकुर म्हणाल तर नावाला नाही. मी त्याचं श्रेय माझ्या सरावाला दिलं. दोन वर्षांत उगाच पाय थांबवायची सवयच राहिली नव्हती, आणि पहाटेचा रस्ताही मोकळा होता, त्यामुळे पंचवटीपर्यंत ते एकदाही थांबले नाहीत, आणि शेवटी चढ लागला तेव्हा सायकल आपली आपण थांबली.

उताराच्या माथ्यावर सगळ्या जमल्या होत्या. खाली रस्ता नदीकडे वळतो त्या कोपऱ्यावर झेंडूच्या राशी. आसपासच्या गावांतून रात्रीच येऊन बसलेले शेतकरी, आणि वळणाच्या बरोबर तोंडाशी ताडपत्री पसरून एक मावशी. तिची रास सर्वांत मोठी.

‘बघा हं,’ मी मागे वळून म्हणाले आणि निघाले. थोडा वेग येऊ दिला. प्रात्यक्षिक परिणामकारक व्हायला नको का? मग मोठ्याने जाहीर केलं, ‘आता मी पाय थांबवते!’

पाय थांबले.

आणि मागच्या चाकातून, दोन वर्षांत कधीही न ऐकलेला, अत्यंत आनंदी आवाज आला. टिक टिक टिक टिक टिक!

माझ्या मनात आलेला पहिला विचार ‘वाचवा’ हा नव्हता. ‘हे शक्य नाही’ हा होता. पाहा, शिक्षण माणसात किती खोल उतरतं! मी पाय उलटे मारले. पेडल उलटी फिरली, ताक घुसळावं तशी गरागरा. सायकल मात्र सुलटीच निघाली होती, आणि फार उत्साहात.

मागून पगारेचा आवाज आला, ‘अगं, पाय थांबले! सायकल कधी थांबणार?’

समोर मावशी उठून उभी राहिली. ‘ओ बाई! ब्रेक दाबा ना!’

‘नाहीये!’

‘मंग घंटी तरी वाजवा!’

‘तीही नाहीये!’

‘मंग हाय तरी काय तुमच्याकडं?’

तत्त्व होतं, मावशी. पण तेवढं सांगायला वेळ मिळाला नाही. मी झेंडूत शिरले.

झेंडूच्या राशीत शिरण्याचा अनुभव तुमच्यापैकी फार जणींना नसेल. मऊ असतं. थंडगार असतं. आणि आत गेल्यावर बाहेरचं हसणं ऐकू येतं, पण लांबून.

‘बाई, लागलं का कुठं?’ मावशीने मला हाताला धरून वर काढलं.

‘नाही. तुमची फुलं...’

‘फुलं जाऊ द्या. उठा आधी, गिऱ्हाईक येऊन राह्यलंय.’

‘ही सायकल फिक्स्ड आहे हो,’ मी म्हणाले. नाकात पाकळी, केसांत देठ, पण मुद्दा सोडला नव्हता.

‘फिक्स हाय?’ मावशीने सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मंग हालली कशी?’

चेंगरलेली सगळी फुलं मी विकत घेतली. आजही घरात कुठलंही पुस्तक उघडलं तरी एखादी पाकळी पडते.

तोवर पगारे येऊन पोहोचली होती. हसून हसून डोळ्यांतून पाणी. तिने मागचं चाक उचलून फिरवलं. टिक टिक टिक. बोटाला काहीतरी लागलं, ते तिने हुंगलं.

‘वसुधा, हे शिलाई मशीनचं तेल आहे.’

मी आईला फोन लावला.

‘हो, ओतलं की मागच्या चाकात,’ आई म्हणाली. ‘चांगली अर्धी बाटली. किती गंज होता गं तो! तू आल्यावर तासाभराने चाक फिरवून पाहिलं, तर टिकटिक करायला लागली. मी म्हटलं, चला, अडकली होती ती सुटली बिचारी.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘तुला? तू उतारावरचं भाषण पाठ करत होतीस ना!’

थोडक्यात, फिक्स्ड वगैरे काही नव्हतं. साधी चारचौघींसारखी सायकल. जिन्याखाली उभी राहून तिच्या मागच्या चाकातली, पाय थांबले तरी चाक फिरू देणारी चकती गंजून जाम झाली होती, आणि मी दोन वर्षं त्या गंजाला तत्त्वज्ञान समजत होते. इतकंच नव्हे, तर त्याचा प्रसार करत होते!

कबूल केलेलं होतं. मी मुकाट्याने टेम्पोकडे वळले. केळी वाट पाहत होती.

‘तिकडे कुठे?’ पगारेने हाक मारली. टेम्पोतून ती एक सायकल उतरवत होती. गिअरची. माझ्या उंचीला सीट बसवलेली.

‘तुला माहीत होतं? गंजाचं?’

‘छे. मला फक्त तू माहीत आहेस.’

तर मंडळी, त्या दसऱ्याला मी घाट चढले. हळू, सर्वांत शेवटी, पण चढले. सगळ्यात हलका गिअर टाकला की पाय भराभर फिरतात आणि डोंगर थोडा थोडा करून पायाखाली येतो. ही तडजोड असेल, तर ती मला दोन वर्षं आधी का कुणी सुचवली नाही? सुचवली होती, हो. रोज सात वाजता.

आणि पलीकडचा उतार! ब्रेकवर बोटं ठेवून मी पाय थांबवले. टिक टिक टिक. दोन्ही बाजूंना पिकत आलेला भात, कुठे नागली, वारा ओढणीत शिरलेला, आणि मी काहीही न करता पुढे चालले होते. कॅरिअरवर बसूनही असंच पुढे जाता यायचं. पण तेव्हा हँडल भावाच्या हातात असे. हरसूलला मी पगारेच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, आणि केळं खाल्लं. टेम्पोत बसून नव्हे. टेम्पोला टेकून.

संध्याकाळी घरी आले. आईने श्रीखंडाची वाटी पुढे केली.

‘मग? आता गिअरचीच घेणार?’

‘हो.’

‘बघ हं. पुन्हा काही वाचून मत बदलशील. नक्की?’

मी दमलेले, तृप्त, तोंडात श्रीखंड. आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडून निसटलं,

‘फिक्स!’

आई उठली, मशीनपाशी गेली आणि तेलाची बाटली घेऊन आली.