मागच्या खोलीचा रंग

आपल्या हॉलमध्ये आता एकही दिवा दिसत नाही, पण उजेड असतो. तो छताच्या खोबणीतून येतो. उज्जैनला फ्रीगंजमधल्या ओळखीच्या बहुतेक घरांत हल्ली असंच झालं आहे. वर फॉल्स सीलिंग, टीव्हीच्या मागे लाकडी उभ्या पट्ट्या, भिंतींना सायीचा नाहीतर ओल्या वाळूचा रंग, आणि स्वयंपाकघरात मुठी नसलेली कपाटं. ती दाबली की उघडतात. तुमचे आजोबा सुरुवातीला रोज सकाळी साखरेसाठी सगळी दारं एकामागून एक दाबत फिरायचे. "हे स्वयंपाकघर आहे की बँकेचं लॉकर?"

मला मात्र हे सगळं आवडलं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल की आजी जुन्याला चिकटून बसली आहे. पसारा मला कधीच सोसला नाही. नुसती रिकामी, पुसलेली ओट्याची फरशी पाहिली तरी माझं डोकं शांत होतं.

हे काम तुमच्या बाबांनी तिकडे तुमच्या शहरात बसून, हट्टानं काढलं. इंदूरची एक तरुण मुलगी डिझायनर म्हणून नेमली. ती लॅपटॉपवर आपल्या घराची चित्रं दाखवायची. प्रत्येक चित्रात सोफ्यावर एक उंच, सडपातळ बाई पुस्तक वाचत बसलेली असायची. आजोबा मला विचारायचे, "ही कोण? हिला चहा विचारलास का?" ती मुलगी हसायची. तिला मराठी बोलता येत नव्हतं, पण कळायचं सगळं.

घोडं अडलं ते मागच्या खोलीपाशी. मागची खोली म्हणजे तुमची. दोन खाटा, एक कपाट आणि पेरूच्या झाडाकडे उघडणारी खिडकी. मागच्या वेळी तुमच्यातल्या धाकट्यानं त्या खिडकीत बसून, गजांतून पाय बाहेर सोडून पोहे खाल्ले होते. म्हणजे वरची शेव खाल्ली आणि पोहे चिमण्यांना घातले.

डिझायनर म्हणाली, "आंटी, ये वॉल हटा देते हैं. लिविंग-डाइनिंग एकदम खुल जाएगा. वैसे भी ये रूम यूज़ में कहाँ है?"

"बच्चे आते हैं," मी म्हटलं.

"अच्छा, कब?"

तिनं सहज विचारलं. तिला कामाचा हिशेब बसवायचा होता. मी तुमच्या बाबांना फोन केला.

"आई, आम्ही असे कितीदा येणार?" बाबा म्हणाले. "आणि आलो तरी नानाखेड्याला आता इतकी चांगली हॉटेलं झाली आहेत. मुलांनाही बरं पडेल, तुमचीही धावपळ होणार नाही. एका बंद खोलीसाठी सगळा हॉल कशाला अडवायचा?"

त्यांचं एकेक वाक्य बरोबर होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जाईना. तुम्ही उज्जैनला याल, हॉटेलात उतराल, आंघोळी करून आम्हाला भेटायला याल आणि जेवण झालं की घड्याळ बघून उठाल. पाहुण्यांसारखे.

ठेकेदारानं भिंतीवर लाल खडूनं मोठी फुली मारली. तोडफोड मात्र सणानंतर. गौरी-गणपतीत आपल्या घरात हातोडा चालत नाही.

तुम्ही नेहमी नाताळच्या सुट्टीत आलात, त्यामुळे आपल्या घरी गौरी कशा येतात हे तुम्ही पाहिलेलं नाही. दारापासून कुंकवाची पावलं काढतात. घरातली सून गौरीचा मुखवटा हातात घेऊन त्या पावलांवरून चालते आणि देवीला सगळं घर दाखवते. प्रत्येक खोलीत दुसरी कुणीतरी विचारते, इथे काय आहे? मग त्या खोलीत जे असेल ते सांगायचं, आणि भरभरून सांगायचं.

आमच्याकडे हे विचारायला माझ्या थोरल्या जाऊबाई येतात. त्यांना तुम्ही मोठी आजी म्हणता, मी वहिनी म्हणते. यंदाही त्या रामघाटाकडच्या घरून ई-रिक्षानं आल्या. दारातच थांबून त्यांनी छत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाई गं, शोरूमच काढलंस की!"

आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

"इथे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"अन्नधान्य आहे, कशाला कमी नाही," मी म्हटलं.

"कुठे आहे? मला तर नुसत्या फळ्या दिसताहेत. देवीला तरी दिसू दे."

माझ्या हातात मुखवटा होता. मग आजोबांनी पुढे होऊन सगळी कपाटं दाबून उघडली. गव्हाचा डबा, तूरडाळ, गूळ, सगळं देवीला दिसलं. वहिनींचं समाधान झालं.

मग आम्ही मागच्या खोलीत आलो. मी तिथे दरवर्षी म्हणते, "लेकरंबाळं आहेत, सुखात आहेत." खाटा रिकाम्या असल्या तरी म्हणते. इतक्या वर्षांत कधी अडले नाही. यंदा समोर ती लाल फुली होती.

"इथे काय आहे?"

मी मुखवटा फुलीकडून खिडकीकडे वळवला.

"अगं बोल ना. किती वेळ उभं ठेवणार देवीला?"

मग मी तुमची नावं घेतली. थोरलीचं आधी, मग धाकट्याचं. पूर्ण नावं, आडनावासकट.

"उखाणा घेतेस की काय?" वहिनी म्हणाल्या.

गौरी बसल्या, आरती झाली, तेव्हा त्यांनी फुलीबद्दल विचारलं. मी सांगितलं.

"हॉटेलात? आपली मुलं?" वहिनींनी वाटीतली खीर संपवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी गौरीला कुठे नेशील दाखवायला? हॉटेलात?"

विसर्जन झाल्यावर मी तुमच्या बाबांना सांगितलं, "भिंत राहू दे."

"आई, अगं पण आम्ही नक्की कधी येऊ ते…"

"ते मी विचारलंच नाही. भिंत राहू दे, एवढंच म्हणते."

तिकडून कुठल्या तरी गाडीचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "राहू दे भिंत, आई. माझी पण खोली होती ती."

डिझायनरनं वाद घातला नाही. "कोई बात नहीं आंटी, बस कलर बता दीजिए." हॉलचाच वाळूचा रंग तिथेही लावायला ती तयार होती, पण खोली तुमची, म्हणून रंग तुम्ही सांगावा असं मला वाटलं. मी रंगांच्या पट्ट्या फोनसमोर धरल्या. आठवतंय ना? थोरली म्हणाली, फिकट हिरवा, तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे तोच आहे. धाकटा म्हणाला, "आजी, फोनवर सगळेच पांढरट दिसतात. मी आल्यावर बघून सांगतो." मग थोरलीलाही ते पटलं.

रंगारी बाकीचं घर संपवून गेले. काम झाल्यावर डिझायनर तिच्या पेजसाठी फोटो काढायला आली, तेव्हा म्हणाली, "आंटी, वो डोर बंद कर दूँ? पीछे की दीवार अधूरी दिख रही है."

"कर दो," मी म्हटलं. फोटोपुरतं बंद केलं. एरवी ते उघडं असतं.

खोलीला अजून नुसती पुट्टी आहे, रंगाआधी लावतात ती. अशी भिंत कच्ची असते, टेकलं की पांढरी पूड लागते. दुपारी मी खिडकी उघडायला जाते आणि थोडी टेकून उभी राहते. बाहेर आले की आजोबा वर्तमानपत्रातून डोकं काढतात आणि म्हणतात, "पाठीला पांढरं लागलंय."

मग स्वतःच उठून झटकून देतात.